भंगारातून सरपणाचा हातगाडा: आधी चाकं, मग सांगाडा

संक्रांत झाली की वावरातल्या पऱ्हाट्या उपटायला सुरुवात होते, तुराट्यांच्या गंज्या लागलेल्या असतात आणि धुऱ्यावरची छाटलेली बाभूळ पावसाच्या आत घरी आणायची असते. मग कुणीतरी भंगारातून दोन चाकं उचलतो, मोडक्या पलंगाचे अँगल काढतो, वेल्डरकडे टाकतो आणि संध्याकाळपर्यंत गाडा दारात. दोन महिन्यांनी तोच गाडा गोठ्यामागे तिरपा पडलेला दिसतो. एक चाक आत झुकलेलं, दांडा हवेत.

माझा पहिला गाडा असाच गेला. अँगल चांगला जाड होता, टाकेही पक्के होते. पण मोटारसायकलच्या चाकाचा आस मी एकाच बाजूने अँगलला वेल्ड केला होता आणि चाक बाहेर लोंबतं ठेवलं होतं. ओढ्यातून वर काढताना ओल्या बाभळीच्या ओझ्याने बारा मिलिमीटरचा तो आस काकडीसारखा वाकला. त्यानंतर दोन गाडे केले, ते अजून चालतात. खाली जो क्रम दिलाय तो त्याच चुकांतून आलाय, म्हणून तो उलटापालटा करू नका.

टप्पा १: ओझं आणि वाट मोजा

भंगारात काय सापडलं त्यावरून गाड्याचं माप ठरवायचं नसतं. एका माणसाने ओढायच्या गाड्याला ४ फूट लांब, २ फूट रुंद आणि दीड फूट उंच साटा, म्हणजे ओझं ठेवायची चौकट, पुरतो. म्हणजे १२ घनफूट. रचलेल्या फाट्यांमध्ये फटी राहतातच, त्यामुळे खरं लाकूड साधारण ६० टक्के धरा. वाळलेली बाभूळ घनफुटाला २२-२३ किलो भरते. हिशोब केला तर साटा काठोकाठ भरल्यावर १६० ते १६५ किलो. ओली बाभूळ असेल तर २०० च्या पुढे सहज जाते. म्हणून गाडा २०० किलोसाठी बांधायचा आणि १५० वर वापरायचा.

साटा मोठा केला की तो भरला जातोच. पाच फुटी, तीन फुटी साटा करणारे लोक मला माहीत आहेत. त्यांचे गाडे पहिल्या चढालाच दोन माणसं मागतात.

आता वाट. चाकं साट्याच्या दोन्ही अंगांना येणार, त्यामुळे दोन फुटी साट्याचा गाडा बाहेरून सव्वातीन ते साडेतीन फूट होतो. अंगणाचं फाटक, पाणंदीतली सगळ्यात अरुंद जागा आणि दोन दगडांमधली धुऱ्यावरची खिंड टेप लावून मोजा. दोन्हीकडे चार-चार बोटं जागा सुटली पाहिजे.

टप्पा २: चाकं निवडा

काळ्या मातीत छोटं चाक चालत नाही. उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात आणि दहा इंची स्कूटरचं चाक त्या भेगेत बसून राहतं. मुरमाड माळावर, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, छोटं चाक प्रत्येक दगडावर अडतं. १८ इंची रिमचं मोटारसायकलचं चाक सगळ्यात सोयीचं. २.७५-१८ मापाचा टायर चढवला की त्याचा पूर्ण व्यास जवळपास ६० सेंमी होतो. मोपेडचं १६ इंचीही चालेल. सायकलचं चाक घेऊ नका. ते उभं ओझं थोडंफार पेलतं, पण गाडा वळवताना आडवा रेटा बसला की ताटासारखं वाकतं.

दोन्ही चाकं पुढचीच घ्या आणि एकाच मॉडेलची. पुढच्या चाकाला चेनचं चक्कर नसतं, हब (चाकाचा मधला गाभा) सुटसुटीत असतो. एक पुढचं आणि एक मागचं अशी जोडी भंगारवाला गळ्यात मारतो. ती घेतली तर आस वेगळे, बूश वेगळे, कधी टायरची उंचीही वेगळी. गाडा आयुष्यभर एका अंगाला ओढतो.

घेताना तिथेच पाहायच्या गोष्टी:

- रिम हातात धरून फिरवा आणि एक बोट रिमच्या कडेजवळ स्थिर ठेवा. रिम बोटापासून ३-४ मिलिमीटरहून जास्त आत-बाहेर होत असेल तर सोडून द्या.
- प्रत्येक आऱ्यावर पान्याने हलकी टिचकी मारा. ताणलेला आरा टणकन वाजतो, सैल आरा बद्द आवाज करतो. दोन-तीन सैल असतील तर आवळून घेता येतात, डझनभर असतील तर नको.
- अलॉय चाक असेल तर हबपासून निघणाऱ्या पट्ट्यांच्या मुळाशी केसासारखी चीर आहे का बघा. अलॉय चिरलं की संपलं, त्याला वेल्डिंग लावून घेऊ नका.
- आस मागून घ्या. त्याच्यासोबत नट आणि हबच्या आतला मधला बूशही. ही तिन्ही वस्तू ढिगात हरवतात आणि पुढे सगळा त्रास त्यांचाच होतो.

पावती घ्या, निदान ओळखीच्या भंगारवाल्याकडून तरी घ्या. चोरीच्या गाडीचे भाग ढिगात येतात.

टप्पा ३: हब उघडा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. मी इथे सगळ्यात जास्त वेळ घालवतो.

चाकातून आस बाहेर काढा. ब्रेकची थाळी आणि मीटरची गरारी काढून बाजूला ठेवा. आता हबमध्ये दोन बेरिंग दिसतील, एक या बाजूला, एक त्या बाजूला. बऱ्याच छोट्या मोटारसायकलींच्या पुढच्या चाकात ६३०१ नंबरचं बेरिंग असतं: आतलं भोक १२ मिमी, बाहेरचा व्यास ३७, जाडी १२. नंबर बेरिंगच्या कडेवर कोरलेला असतो. तो वाचा आणि त्याच नंबरचं नवं घ्या. बेरिंगची आतली रिंग बोटाने फिरवा. वाळू चावल्यासारखी करकर लागली की बदला. भंगारातून सगळं आणा, बेरिंग मात्र नवं आणा.

दोन बेरिंगच्या मधे हबच्या पोटात एक नळी असते. हाच तो मधला बूश. त्याचं काम असं: तुम्ही नट आवळता तेव्हा दाब एका बेरिंगच्या आतल्या रिंगेवरून या नळीतून दुसऱ्या बेरिंगच्या आतल्या रिंगेवर जातो. बाहेरच्या रिंगा मोकळ्या राहतात, म्हणून चाक फिरतं. नळी नसेल तर नट आवळला की दोन्ही आतल्या रिंगा एकमेकींकडे दाबल्या जातात, छर्रे अडकतात आणि चाक जाम होतं. मग माणूस काय करतो? नट सैल ठेवतो. चाक फिरतं खरं, पण डुगडुगतं, आणि पंधरा दिवसांत बेरिंग खलास.

बेरिंग बसवताना हातोडी थेट मारू नका. जुनं बेरिंग वर ठेवून त्याच्यावर ठोका, म्हणजे मार बाहेरच्या रिंगेवर बसेल. आधी एक बाजू पूर्ण बसवा, मग मधली नळी टाका, मग दुसरी बाजू. नळी टाकायची राहिली तर पुन्हा सगळं उपसावं लागतं. हे मला कसं माहीत, ते विचारू नका.

ब्रेकची थाळी काढल्यामुळे आसावर एका बाजूला मोकळी जागा राहते. ती भरायला लेथवाल्याकडून दोन बाहेरचे बूश करून घ्या. १२ मिमीच्या आसासाठी बूशचा बाहेरचा व्यास १७-१८ मिमीच ठेवा, कारण तो फक्त आतल्या रिंगेवर टेकला पाहिजे. अर्धा इंची पाण्याच्या पाइपाचा तुकडा कापून घातला तर तो २१ मिमीचा असतो. तो बेरिंगच्या झाकणावर घासतो.

तपासा: बूश घालून, नट पूर्ण ताकदीने आवळून चाक फिरवा. सहज फिरलं पाहिजे आणि वरून धरून हलवलं तर खटखट येता कामा नये. दोन्ही जमेपर्यंत पुढे जाऊ नका.

टप्पा ४: चार कानपट्ट्या

मोटारसायकलच्या चाकाला पुढे दोन शॉकअप आणि मागे चिमटा का असतो? कारण तो आस दोन्ही टोकांनी धरण्यासाठीच बनवलाय. गाड्यातही तेच करायचं: प्रत्येक चाकाला एक आतली आणि एक बाहेरची अशा दोन कानपट्ट्या. दोन चाकांच्या मिळून चार.

६ ते ८ मिमी जाडीची पट्टी घ्या. ट्रॅक्टरच्या मोडक्या अवजारांच्या पट्ट्या मिळतात, त्या उत्तम. प्रत्येक तुकडा अडीच इंच रुंद, ५ इंच लांब. चारही तुकडे एकावर एक ठेवून कडेला छोटे टाके मारा आणि एकदमच साडेबारा मिमीचं भोक पाडा, खालच्या टोकापासून सव्वा इंच वर. मग भोकाच्या दोन्ही कडांपासून खालपर्यंत एक्सा ब्लेडने सरळ कापून खाच उघडी करा. शेवटी टाके घासून तुकडे सुटे करा. वेगवेगळी भोकं पाडली तर चार भोकं चार ठिकाणी जातात. दोन मिलिमीटरचा फरकही चाक वाकडं बसवतो.

खाच खालून उघडी ठेवायचं कारण पंक्चर. नट सैल केला, गाडा उचलला की चाक खाली पडतं. ओझं खाचेच्या वरच्या गोलाईवर बसतं, त्यामुळे ताकद कमी होत नाही. मात्र नट आपोआप सैल होऊ नये म्हणून नायलॉनचा नट किंवा वर चेकनट (पहिल्यावर आवळलेला दुसरा नट) हवाच.

काही जण भंगारातला आख्खा चिमटा कापून सांगाड्याला जोडतात. काम लवकर होतं हे खरं. पण त्याचा पत्रा पातळ असतो आणि आतून गंजलेला असला तर बाहेरून कळत नाही. मला त्यावर दोनशे किलोचा भरवसा वाटत नाही.

टप्पा ५: सांगाडा

जुन्या पलंगाचा अँगल बहुतेक ३५ किंवा ४० मिमीचा असतो. जाडी व्हर्निअरने किंवा निदान नव्या अँगलशेजारी धरून बघा. ५ मिमी असेल तर उत्तम. ४० x ४० x ५ चा अँगल मीटरला ३ किलो भरतो, म्हणजे तुकडा तोलूनही कळतं किती गंजून गेलाय. हातोडीच्या टोकाने ठोकत जा. जिथे पापुद्रे सुटतात तो भाग कापून टाका.

लागणारे तुकडे: ४ फुटांचे दोन आणि २ फुटांचे चार (दोन टोकांना, दोन मधे) साट्याच्या तळासाठी, आणि दोन बाहेरचे अँगल, प्रत्येकी अडीच फूट, चाकाच्या बाहेरच्या कानपट्टीसाठी. हे बाहेरचे अँगल दोन टोकांना आडव्या तुकड्यांनी साट्याच्या लांब अँगलला जोडायचे, म्हणजे चाक एका चौकटीच्या आत बसतं. चौकटीची आतली रुंदी हबच्या मापावर ठरते, पण टायरच्या दोन्ही बाजूंना किमान एक-एक इंच मोकळं ठेवा. काळी माती टायरला चिकटून फुगते आणि फट कमी असेल तर चाक फिरायचंच थांबतं. तेवढी जागा ठेवायला बाहेरचे बूश लांब करावे लागले तर करा. आसही पुरला पाहिजे, हे बूश करण्याआधी मोजून घ्या.

सपाट जमिनीवर तुकडे मांडा. फरशी नसेल तर चार विटा पातळीत लावा. कोपऱ्यांना फक्त टाके मारा. मग दोन्ही कर्ण मोजा. ४ फूट बाय २ फुटाला कर्ण १३६ सेंमीच्या थोडा वर येतो. पण आकड्यापेक्षा दोन्ही कर्ण सारखे येणं महत्त्वाचं. फरक असेल तर लांब कर्णाच्या कोपऱ्यावर लाकडी ठोकळा ठेवून ठोका आणि पुन्हा मोजा. पूर्ण वेल्डिंग त्यानंतर, तेही एका कोपऱ्यावरून समोरच्या तिरप्या कोपऱ्यावर जात. एकाच बाजूने सलग मारत गेलात तर लोखंड आखडतं आणि चौकट पापडासारखी वळते.

५ मिमीच्या अँगलला ३.१५ मिमीचा ६०१३ नंबरचा वेल्डिंग रॉड, करंट ९० ते १२० अँपिअर. ओलसर रॉड उन्हात टाकून किंवा तव्यावर गरम करून घ्या, नाहीतर टाक्यात छिद्रं पडतात.

सावध:
- जस्ताचा मुलामा असलेला पाण्याचा पाइप तसाच वेल्ड करू नका. त्याच्या पांढऱ्या धुराने रात्री थंडी वाजून ताप येतो. जोडाभोवतीचा मुलामा आधी घासून काढा आणि काम उघड्यावर करा.
- तळासाठी पत्रा हवा म्हणून बंद ड्रम ग्राइंडरने कापू नका. आत राहिलेल्या तेलाची किंवा रसायनाची वाफ भडकते.
- तुषार सिंचनाचे जुने पाइप ॲल्युमिनियमचे असतील तर ते लोखंडाला जोडले जात नाहीत. वेल्डर हो म्हणाला तरी नाही.
- खांबावर आकडा टाकून वेल्डिंग मशीन चालवायचं नाही. एवढंच.

तळाला पत्रा टाकूच नका. १० किंवा १२ मिमीच्या सळईचे तुकडे चार-चार इंचांवर आडवे लावा. बांधकामावर उरलेल्या सळया चालतात. माती, साल, वाळवी खाली गळून जाते आणि गाडा हलका राहतो.

टप्पा ६: आसाची जागा

साट्याचा मध्य २४ इंचांवर. बहुतेक लोक आस बरोबर तिथेच लावतात, आणि मग मागे एक जड ओंडका पडला की दांडा हातातून सुटून वर उडतो. आस मध्यापासून ३ इंच मागे घ्या, म्हणजे दांड्याकडच्या टोकापासून २७ इंचांवर.

हिशोब असा: दांड्याचा आडवा बार साट्याच्या पुढे ३६ इंच असेल तर तो आसापासून ६३ इंचांवर येतो. १७० किलो ओझ्याचा भार ३ इंच पुढे आहे. १७० गुणिले ३ भागिले ६३ म्हणजे हातावर साधारण ८ किलो. दांड्याचं स्वतःचं वजन धरून १०-१२. एवढं असलं की गाडा हातात नांदतो. आस ६ इंच मागे नेलात तर ओझ्याचाच भार दुप्पट होतो आणि संध्याकाळी खांदे बोलतात.

कानपट्ट्या आता टाक्यांवर बसवा. चारही खाचांतून एकच लांब सरळ सळई आरपार घालून बघा. ती न अडकता गेली तर आस एका ओळीत आहेत. मग चाकं बसवा आणि हबच्या उंचीला दोन टायरमधलं अंतर पुढून मोजा, मागून मोजा. फरक ३ मिलिमीटरच्या आत हवा. जमलं की चाकं परत काढा आणि मगच पूर्ण वेल्ड करा. चाक लावून वेल्डिंग केलं आणि अर्थिंगचा चिमटा दुसऱ्या बाजूला असला तर करंट बेरिंगमधून जातो आणि छर्रे डागतात. अर्थिंग नेहमी टाक्याच्या शेजारी लावा.

टप्पा ७: दांडा, टेकू, खुंटे

दांड्याला एक इंची पाइप, बाहेरून सुमारे ३४ मिमीचा, हाताला बरोबर बसतो. साट्याच्या दोन्ही लांब अँगलच्या खालून तो किमान दीड फूट मागे न्या आणि दोन ठिकाणी जोडा. फक्त टोकाला टेकवून वेल्ड केलेला दांडा पहिल्याच खड्ड्यात तुटतो. आडवा बार जो माणूस गाडा ओढणार त्याच्या मापाने ठेवा: सरळ उभं राहून हात सोडल्यावर मूठ जिथे येते तिथून चार बोटं वर. घरात आई आणि मुलगा दोघे ओढणार असतील तर आईचं माप धरा.

पुढे एक टेकू, मागे एक. दोन्ही जमिनीपासून एक इंच वर राहतील असे. मागचा टेकू नसेल तर भरताना गाडा मागे कलंडतो आणि भरणाऱ्याच्या पायावर येतो.

बाजूला पक्क्या जाळ्या करू नका. लांब अँगलवर प्रत्येकी तीन पाइपाचे तुकडे उभे वेल्ड करा आणि त्यात सुटे खुंटे घाला. बाभळीसाठी दीड फुटी खुंटे, पऱ्हाट्या-तुराट्यांसाठी तीन फुटी. हलकं जळतण उंच रचलं तरी चालतं, जड नाही. ठिबकच्या जुन्या १६ मिमी नळीला लांबीने चीर पाडून अँगलच्या कडांवर चढवा. हात कापत नाहीत. खुंट्यांच्या वरच्या टोकांनाही तीच.

गंज घासून रेडऑक्साइडचे दोन हात द्या. खाचांच्या आत रंग लावू नका.

टप्पा ८: काटे आणि पहिली फेरी

बाभळीचं आणि वेड्या बाभळीचं सरपण ज्या वाटेने येतं, त्या वाटेवर काटे पडलेलेच असतात. ट्यूब तशीच घातली तर आठवड्याला पंक्चर. सायकलचा जुना टायर घ्या, दोन्ही कडांच्या तारा कापून काढा आणि उरलेला पट्टा टायर आणि ट्यूबच्या मधे गादीसारखा बसवा. पट्ट्याची टोकं एकमेकांवर चढवा, पण टोकं तासून पातळ करा, नाहीतर तीच कड ट्यूब घासते. दोन्ही चाकांत हवा सारखी, ३० पीएसआयच्या आसपास.

पहिली फेरी रिकामी, दुसरी अर्ध्या ओझ्याची. घरी आल्यावर हब हाताने चाचपून बघा. गरम लागला तर बूश घासतोय, टप्पा ३ कडे परत जा. टाक्यांजवळ केसासारखी रेघ दिसली तर तो टाका घासून पुन्हा भरा, वरून थर चढवू नका.

गाड्याला ब्रेक नाही. उतारावर ओझं घेऊन पुढे चालू नका. गाडा फिरवा, तुम्ही वरच्या अंगाला राहा आणि त्याला मागे धरत उतरवा. मोटारसायकलच्या मागे दोरीने बांधायचा मोह सगळ्यांना होतो. थांबताना तो मागून येऊन आदळतो, तेव्हा बांधू नका.

तिसऱ्या फेरीनंतर आसांचे सगळे नट परत आवळा. नव्या खाचेत आस बसताना थोडा सरकतो आणि नट पाव-अर्धा आटा तरी फिरतोच.